तेरा माणसं, नऊ नावं

वर्धा,
सोमवार, १६ जून २०२५

चि. रुपेश,

जय भीम. इकडे सगळं ठीक. आईचं बीपी आटोक्यात आहे. कूलरची मोटर जळाली होती, ती बदलून घेतली. पाऊस नुसतं आभाळ दाखवतो आणि निघून जातो. काजलनं आणलेले पेढे सुनेचे म्हणून आईनं दोन खाल्ले, मी एकही नाही. तुझी तब्येत उत्तमच असणार, म्हणून विचारत नाही.

आठ किलोमीटरवर राहणाऱ्या भावाला ताई पत्र कशाला लिहिते, असं तुला वाटेल. फोनवर तू "हो ताई, हो ताई" म्हणत भलत्याशीच बोलत असतोस. व्हॉट्सॲपवरचं तुला हवं तेवढंच वाचतोस. कागदाचं तसं नसतं. म्हणून हे रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह. दवाखान्याच्या ऑफिसात पगार विभागात एकोणतीस वर्षं घालवली, जावक नोंद केल्याशिवाय मला अजून चैन पडत नाही.

"ताई, पेरोलचं बेसिक समजावून दे, छोट्या धंद्याले लागते तेवढंच." हा तुझा निरोप. सोबत पिशवीत तीन महिन्यांसाठी तीन कोरी मस्टर पुस्तकं, एक निळा पेन (पेनसुद्धा! किती ती काळजी), आणि पेन्सिलीनं भरलेले तीन कागद, "यावरून उतरवून दे" अशी चिठ्ठी लावलेले. शिकायचंय म्हणणारा विद्यार्थी उत्तरपत्रिका लिहूनच घेऊन येतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

असो. बेसिक मागितलंस, तर बेसिक घे.

पगाराच्या आधी माणूस येतो. आपल्या छपराखाली किती जण राबतात ते मोजता आलं पाहिजे, ही धंद्यातली पहिली अक्कल, आणि ती तुला नाही. नालवाडीतल्या तुझ्या बँडेजच्या कारखान्यात रोज सकाळी तेरा माणसं चपला काढून आत जातात. मस्टरमध्ये नावं नऊ. का, ते तुलाही ठाऊक आणि मलाही. दहावं नाव लागलं की विमा लागू होतो, ईएसआय. यूट्यूबवरच्या तुझ्या त्या टाय लावलेल्या गुरूनं सांगितलं, "नऊवर थांबा." तू थांबलास. पाच माणसं तुझ्या पुस्तकात जन्मालाच आली नाहीत. कमलाबाई त्या पाचांतली.

हा विमा म्हणजे डोंगर कोसळतो असं तू सांगत सुटतोस, म्हणून हिशोब करून देते. शंभर रुपये पगारामागे पाऊण रुपया कामगाराचा, सव्वातीन मालकाचे. कमलाबाईला तू देतोस नऊ हजार सहाशे. (सरकारी किमान दर याहून जास्त आहे. ते पाप वेगळ्या पानावर लिहू.) त्यावर तुझे होतात तीनशे बारा रुपये. महिन्याचे. तुझ्या मोबाइलचा रिचार्ज यापेक्षा महाग आहे, रुपेश, आणि त्या मोबाइलवर तू काय बघतोस तर हे तीनशे बारा कसे वाचवायचे.

बाकीचं बेसिकही ऐकून ठेव. पगार सात तारखेच्या आत. तुझा होतो पार्टीचं बिल आलं की, कधी बारा, कधी अठरा. जादा कामाचे पैसे दुप्पट. तू देतोस समोसा. उचल दिली तर लिहून द्यायची आणि लिहून कापायची, "मागच्या वेळी दिले होते नं" असं तोंडानं नाही. प्रत्येकाच्या हातात पगाराची चिठ्ठी: दिवस किती, दर किती, कापले किती, दिले किती. एवढंच. सातवीतल्या पोरीला जमेल. तुझ्याकडे हे काहीच नाही, पण भिंतीवर मोठा फ्लेक्स आहे, "आम्ही सारे एक कुटुंब", मध्ये तुझा फोटो. मालक कामगारांना कुटुंब म्हणायला लागला की समजावं, याच्याकडे पगारपत्रक नाही.

आता त्या पेन्सिलीच्या कागदांकडे येते.

मंगळवारी, दहा तारखेला, पट्टी गुंडाळायच्या मशीनमध्ये कमलाबाईचा उजवा हात गेला. रोलरवरची जाळी तूच काढून ठेवली होतीस, काम हळू होतं म्हणून. दोन बोटं गेली. तू तिला कामावरच्या अश्वजितच्या मोटरसायकलवर बसवून सेवाग्रामच्या दवाखान्यात धाडलंस आणि सोबत शिकवण दिलीस, "कडबाकुट्टीच्या मशीनमंधी हात गेला म्हून सांगजो." कडबाकुट्टी! त्या बाईच्या घरी कोंबडीसुद्धा नाही. आणि मला मेसेज केलास, "दोनच बोटं आहेत ताई, अंगठा ठीक आहे. कागद होऊन जाईन." तो मेसेज मी आईला वाचून दाखवला नाही. तिला अजून वाटतं की तिनं चांगला मुलगा वाढवला.

तुझ्या पेन्सिलीच्या मस्टरमध्ये नवव्या ओळीत कमलाबाईचं नाव आलेलं पाहिलं. एप्रिल हजर, मे हजर, आणि ३१ मेला शेरा, "काम सोडले". म्हणजे दहा जूनला ती तुझी कामगार नव्हतीच. सहज हिंडत आली आणि मशीनमध्ये हात घालून बसली. तीन वर्षांत तिचं नाव पहिल्यांदा कागदावर आलं, आणि आलं ते तिला काढून टाकण्यासाठी. हे सगळं माझ्या अक्षरात हवं, कारण जुनी मस्टरं माझ्या अक्षरात आहेत. चोरीला शुद्धलेखन हवं म्हणून बहिणीची आठवण झाली.

बरं, चोरी तरी धड करायचीस. एप्रिलच्या कागदावर चौदा तारखेचा रकाना बघ. नऊच्या नऊ जण हजर! चौदा एप्रिलला! अरे मूर्खा, त्या दिवशी तुझ्या कारखान्याला कुलूप होतं. तू डीजेपुढे निळा फेटा बांधून नाचत होतास, आणि चौकातल्या शरबताच्या स्टॉलवर ग्लास भरून देत होती ती कमलाबाई. फोटो तूच फेसबुकवर टाकलास, एकशे ब्याऐंशी जणांनी लाइक केलंय. बारा मेला बुद्धपौर्णिमा, तेव्हाही सगळे हजर. माझा वाढदिवसही विसरलास, ते जाऊ दे. मस्टर बघणाऱ्याला कायदा कशाला यायला पाहिजे? नावं वाचायची, तारीख बघायची आणि हसायचं.

मला हसू आलं नाही. आपल्या माणसानं चौदा एप्रिल विसरावा, हे मी कधी पाहिलं नव्हतं. मग लक्षात आलं, तू विसरला नाहीसच. पेन्सिल हातात घेतलीस तेव्हा तू मालक होतास, आणि मालकाला फक्त रकाने भरायचे असतात.

तू सात वर्षांचा होतास, तुला आठवणार नाही. बाबांनी जिनिंगमध्ये एकोणीस वर्षं काढली. कापसाची धूळ छातीत बसली, खोकला थांबेना, म्हणून औषधापुरतं तरी काही मिळतं का ते विचारायला ऑफिसात गेले. सोबत मी. बाबांनी खिशातून पितळेचा बिल्ला काढून काउंटरवर ठेवला, नंबर सदतीस. मुनीम होते पुंडलिकराव. त्यांनी रजिस्टर आमच्याकडे फिरवलं. "पाह्य बाई, तू शिकेल दिसतं. यात लहानू कुठी आहे, दाखव मले." मी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं. नव्हते बाबा. एकोणीस वर्षं नव्हते. बिल्ला होता, खोकला होता, माणूस नव्हता. दोन वर्षांनी खरंच नव्हते. मी त्या काउंटरच्या आतल्या बाजूला बसायला शिकले ते त्या दिवसामुळे, आणि त्या नोकरीच्या पगारातून तुझं आयटीआय झालं.

आज जेवताना आईला एवढंच सांगितलं की कमलाबाईचं नाव पुस्तकात नाही. तिनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "त्याले म्हनाव, बापाचा बिल्ला एकदा पाहून घेजो." तुझी वाट पाहत बिल्ला इथेच फडताळात आहे.

तेव्हा मी काहीही उतरवून देणार नाही. तुझी तीन पुस्तकं आणि पेन काजल येईल तेव्हा घेऊन जाईल. पेन्सिलीचे कागद मात्र माझ्याकडेच राहतील. पगार वाटण्यासाठी मी तेरा जणांची खरी हजेरी लिहायची ती हिरव्या पुठ्ठ्याची वहीही इथेच आहे, शोधत बसू नकोस.

शुक्रवारपर्यंत वेळ देते. दवाखान्यात जा, कमलाबाईच्या समोर बस. अपघात कारखान्यात झाला असं लिहून दे. तेरा जणांची नावं लाव, विम्याची नोंदणी कर, आणि तिच्या हाताची कायद्यानं जी भरपाई होते ती मोज. नाही जमलं तर मला जमेल.

काजलला आशीर्वाद.

तुझी,
ताई


वर्धा,
शुक्रवार, २० जून २०२५

रुपेश,

जय भीम. काल रात्री एक सर येऊन गेली, अंगणातली धूळ तेवढी बसली. आईनं भाकरीबरोबर ठेचा मागितला म्हणजे ती बरी आहे.

पोचपावती आली. तुझ्याऐवजी काजलनं सही केली आहे. तू दवाखान्यात गेला नाहीस, तेही समजलं. तुझं उत्तर मात्र आलं, एकच ओळ. "ताई, नववं नाव कोणाचं होतं थे पन लिवाचं होतं नं पत्रात."

लिहायचं होतं. चार पानं लिहिली, तुझे समोसे लिहिले, तुझा फेटा लिहिला, आणि त्या ओळीला बरोबर वळसा घालून गेले. तू मूर्ख आहेस असं मी लिहिलं होतं. तेवढाही नाहीस.

तेरातून पाच वजा केले की आठ उरतात. मस्टरमध्ये नऊ आहेत. हे मलाच मोजून दाखवायला हवं होतं, मोजायची अक्कल शिकवायला निघालेली मीच.

नवव्या ओळीत मी आहे. पौर्णिमा लहानू थूल, पॅकिंग, आठ हजार रुपये. जून २०२२ पासून दर महिन्याला, छत्तीस महिने. गरज होती असं म्हणू? नोकरीचा शेवटचा पगार होता, मग पेन्शन सुरू झाली. घर होतं. वरच्या मजल्यावर फरश्या बसवायच्या होत्या, पांढऱ्या, सोनेरी काठाच्या. तू म्हणालास, "नऊच नावं ठेवाचे आहेत, त्यात एक तुहं टाक, खर्चात दाखवता येते." तेव्हा यादीत नऊ खरी नावं होती. तू म्हणालास, "कोनालेही काढ." कुणाला काढायचं ते तू सांगितलं नाहीस. निवड मी केली. कमलाबाईला वाचता येत नाही, म्हणून कमलाबाई. फूटपट्टी लावून सरळ रेघ मारली, वर माझं नाव लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. पुंडलिकरावांचंही फार सुंदर होतं.

बँकेचा माणूस कर्जासाठी कारखाना पाहायला आला, तो दिवस तुला आठवत असेल. पुस्तकात नऊ, तर आतही नऊच दिसले पाहिजेत. पाच जणांना मागच्या दारानं नाल्याकडे पाठवलंस आणि मला पॅकिंगच्या टेबलावर उभं केलंस. माझ्याकडे टोपी नव्हती. कमलाबाईनं स्वतःची काढली, माझे केस आत खोचले, मागे गाठ मारली आणि म्हणाली, "पट्ट्या बाराच्या गठ्ठ्यानं मोजजा ताई, नाईतं त्याले समजते." आणि बाहेर जाऊन उन्हात बसली. पाऊण तास. बँकवाल्यानं मागितली तेव्हा मस्टरमधली नावं मीच वाचून दाखवली, बाकी वेळ मी बारा-बाराचे गठ्ठे मोजत होते आणि मनात तुझी थट्टा करत होते, की किती रे तुझी नाटकं. माझं नाटक आहे हे मला त्या दिवशी शिवलंसुद्धा नाही.

तुला मी ज्या तोऱ्यात पत्र लिहिलं, तो तोरा मला एकोणतीस वर्षं पुरला. दवाखान्यात कुणाचा एक दिवसाचा पगार चुकला तर मी फाइल घेऊन तीन मजले चढायचे. लोक नाव घ्यायचे. त्या नावावर मी घरी येऊन ही चोरी केली, आणि तू धाकटा म्हणून तुलाच चोर म्हणत राहिले. तुझी किळस येते, रुपेश, खोटं कशाला बोलू. पण तुझी चोरी ओबडधोबड आहे, तुझ्या अक्षरासारखी. माझी नीटनेटकी होती. मला जास्त येत होतं, म्हणून माझा गुन्हा जास्त.

काल दुपारी दवाखान्यात गेले. कमलाबाईच्या हाताला हा एवढा पांढरा गठ्ठा. त्या पट्ट्या तिनंच गुंडाळल्या असतील, असा विचार मनात आला तो मी बाजूला केला. तिच्या पलंगावर बसून सगळं सांगितलं. पुस्तक, रेघ, ओळ. ती ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "मले मालूम होतं."

मी विचारलं, कसं?

"मले वाचता येत नाई ताई, पन मोजता येते. बँकवाल्याम्होरं तुमी नावं वाचून दाखवले नं. मी खिडकीमांगं होती. नऊ नावं अन माहं नाई. आत आठ जनं अन तुमी. मंग माह्या जागी कोन, हे काय कोनी सांगाले पाह्यजे?"

"मग काऊन नाई बोलल्या?" एवढ्या वर्षांची माझी ऑफिसची भाषा तिथे गळून पडली.

"बोलली असती तं काम गेलं असतं. घरात कमावनारी मीच." मग तिनं विचारलं, "तुमच्या नावाचा पगार निघे, थो कोन घे ताई? मालक का तुमी?"

मी म्हटलं, "मी."

तिनं शिवी दिली नाही. रडलीही नाही. तोंड भिंतीकडे केलं आणि म्हणाली, "थे बाटलीचं झाकन उघडून द्या. मले जमत नाई." मी उघडून दिलं. पाणी पिऊन झाल्यावर बाटली पुन्हा माझ्याच हातात दिली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

आज सकाळी अकराला कामगार खात्याच्या ऑफिसात गेले. लेखी जबाब दिला, तीन पानी, तारीखवार. कमलाबाई तीन वर्षांपासून कामावर आहे, अपघात मशीनवर झाला, तेव्हा जाळी नव्हती. मस्टर खोटं आहे आणि ते माझ्या हातचं आहे. सोबत हिरवी वही, तुझे पेन्सिलीचे कागद आणि चौदा एप्रिलचा तुझा फोटो जोडला. एक झेरॉक्स कमलाबाईच्या उशाशी ठेवली, एक या पाकिटात आहे. तिथल्या साहेबांनी विचारलं, "मॅडम, यात तुम्हीही अडकता, कळतंय ना?" मी म्हटलं, एवढं बेसिक मला येतं.

माझ्या पेन्शनचं काय व्हायचं ते होईल. दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार होतात माझ्या ओळीचे. एफडी मोडायचा अर्ज बँकेत दिला आहे, पैसे कमलाबाईच्या खात्यावर जातील. ते तिच्या बोटांचे नाहीत, लक्षात ठेव. बोटांचे तू द्यायचे आहेत. माझ्या पैशांमागे लपून तुझी भरपाई कमी करून घ्यायला जाशील, म्हणून आधीच लिहिते. तुझा स्वभाव मला पाठ आहे.

आईला सकाळी सगळं सांगितलं, माझ्यासकट. तिनं फडताळातून बिल्ला काढला, पदरानं पुसला. मला वाटलं माझ्या हातात देईल. नाही दिला. परत ठेवला, कडी लावली आणि म्हणाली, "तुमा दोघाइलेबी नाई भेटत हा." मग चहा टाकायला आत गेली.

तू येशील तर दार उघडं आहे, चहा मिळेल. बिल्ला मिळणार नाही. मलाही मिळालेला नाही, तेव्हा तक्रार करू नकोस.

या वेळी सही नीट करते, पुस्तकात असते तशी.

पौर्णिमा लहानू थूल
मस्टर क्र. ९
पगार घेतला: छत्तीस महिने
प्रत्यक्ष हजेरी: पाऊण तास, कमलाबाईची टोपी घालून